हॉटेलकाम शिकणाऱ्या दिव्यांगांसाठी साधनं: आधी कार्डं, मग यंत्रं

कॅफे, कँटीन किंवा हाउसकीपिंगचं काम दिव्यांगांना शिकवताना हमखास लागणारी चार साधनं म्हणजे चित्रकार्डं, कपाला लावायचा पातळीसूचक, बोलणारा थर्मामीटर आणि थरथरणारा पेजर. यातलं सगळ्यात साधं साधनच सगळ्यात मोलाचं आहे.

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या अनेकांसाठी ‘टेबल साफ कर’ हे एक काम नसतं. पेले उचल, ताटल्या एकात एक रच, खरकटं टाक, स्प्रे मार, पलीकडच्या कडेपासून आपल्याकडे पूस, खुर्च्या आत सरकव. पायरीगणिक एक कार्ड हवं. रेखाचित्रांचे तयार संच शक्यतो टाळा. जिथे काम करायचंय तिथल्याच टेबलाचे, तिथल्याच बाटलीचे फोटो लावा. नुसता बाटलीचा रंग बदलला तरी काही जण अडतात. लॅमिनेशन मॅट घ्या, चकचकीत कार्डावर दिव्याची तिरीप पडली की फोटो दिसत नाही. मागे वेल्क्रो लावा, म्हणजे झालेल्या पायरीचं कार्ड काढून ठेवता येतं.

कार्डांमुळे प्रशिक्षकाला गप्प राहता येतं, हा त्यांचा खरा गुण. तोंडी सूचनांची सवय फार चिवट असते: शिकणारा प्रत्येक पायरीआधी प्रशिक्षकाकडे बघू लागतो, आणि नोकरीत प्रशिक्षक शेजारी नसतो. म्हणून कार्डाकडे बोट दाखवा, ५ सेकंद थांबा, अडलंच तर हाताला धरून करून घ्या. सुरुवात शेवटच्या पायरीपासून करा. बाकी सगळं प्रशिक्षकाने करायचं, खुर्च्या तेवढ्या शिकणाऱ्याने सरकवायच्या. काम पुरं केल्याचं समाधान पहिल्याच दिवशी त्याचं. मग एकेक पायरी मागे जा.

अंध व्यक्तीला गरम पेय ओतायला पातळीसूचक उत्तम. कपाच्या कडेवरून आत लोंबणाऱ्या धातूच्या काड्यांना द्रव टेकला की बीप वाजतो. फेस मात्र त्याला फसवतो, म्हणून फेसाळ दूध शेवटी, सूचक काढून ओता. जाड कडेच्या मगवर तो नीट बसत नाही, हलका कागदी कप कलंडू शकतो. गजबजलेल्या काउंटरसाठी थरथरणारं मॉडेल घ्या आणि प्रत्येक कपानंतर काड्या पुसा.

बोलणारा थर्मामीटर घेतल्यावर बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा. ० अंश सांगायला हवं. गरम ठेवलेलं अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड ५ च्या खाली, हे दोन आकडे शिकणाऱ्याला पाठ हवेत.

कर्णबधिर वेटरसाठी पेजर, म्हणजे बोलावणं आलं की थरथरणारं अंगावरचं छोटं यंत्र, चांगला, पण साधा पेजर फक्त ‘ये’ एवढंच सांगतो. कुठलं टेबल हे कळायला काउंटरवर क्रमांकाची पाटी लागतेच. धातूच्या भिंतींच्या शीतखोलीत सिग्नल पोचतो का, हे आत उभं राहून तपासा. आगीच्या अलार्मला तो जोडता येतो का, हेही खरेदीआधी विचारा. येत नसेल तर स्वयंपाकघर, भांडार आणि स्वच्छतागृह या तिन्ही ठिकाणी अलार्मबरोबर लुकलुकणारे दिवे बसवून घ्या.