लिस्बन ते ओनफ्लर, छोट्या जहाजातून: बरेच महिने उलटल्यावर

परत आल्या आल्या लिहिलं असतं तर अर्ध्याहून अधिक मजकूर बोर्दोच्या कौतुकात गेला असता. आता कार्डाचे हप्ते फिटलेत, टीसीएस (परदेश सहलीच्या पैशांवर आधीच घेतलेला कर) रिटर्नमध्ये वळता झालाय, विम्याचा दावा निकाली निघालाय (आमच्या विरोधात), आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फोटो दाखवायची हौसही ओसरलीय. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

मार्ग असा, पोर्तुगाल, स्पेन आणि फ्रान्सच्या किनाऱ्यानं: लिस्बन, पोर्तूसाठी लेइशोएंश बंदर, आ कोरुन्या, बिल्बाओ, बोर्दो, बेल-इल, सँ-मालो आणि शेवटी ओनफ्लर. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. जहाज फ्रेंच, प्रवासी दोनशेच्या आत. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. माणशी सहा-सात लाख पडले, विमान वेगळं. सासूबाईंना स्वतंत्र केबिन हवी होती, आणि एकट्या माणसाला केबिन घेतली की भाडं जवळजवळ दीडपट होतं. एवढ्या पैशात मोठ्या क्रूझवर दोनदा जाऊन आलो असतो, हे नवऱ्यानं तेव्हाही ऐकवलं आणि अजूनही ऐकवतो.

मग छोटं जहाज कशासाठी? माझं उत्तर एकच: ते कुठे लागतं यासाठी. केबिन, जेवण, बाथरूममधले साबण हे सगळं मोठ्या जहाजावरही मिळतं. गावाच्या मधोमध धक्क्याला लागणं मात्र मिळेलच असं नाही.

बोर्दो समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे. दोर्दोन्य आणि गारोन या नद्या एकत्र येऊन जिरोंद नावाची भलीमोठी खाडी होते, तिच्यातून वर यायचं आणि पुढे गारोनमध्ये शिरायचं. मुखाशी कोर्दुआँचं दीपगृह उभं आहे. ते 1611 मध्ये पुरं झालं, आजही चालू आहे आणि 2021 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे वाट दाखवणारा बंदराचा पायलट चढला आणि जहाज भरतीची वेळ साधून आत निघालं. पाणी आपल्या पावसाळ्यातल्या खाडीसारखं गढूळ, चहाच्या रंगाचं. काठावर लाकडी खांबांवर उभ्या केलेल्या कोळ्यांच्या खोपट्या आणि त्यांच्यासमोर टांगलेली चौकोनी जाळी. सासूबाई डेकवर शाल पांघरून बसल्या होत्या, त्या प्रत्येक जाळं वर आहे की पाण्यात, हे बघत होत्या. मग शहराच्या तोंडाशी शाबाँ-देल्मास पूल आला. हा 2013 साली सुरू झालेला पूल जहाजासाठी मधून उघडत नाही, तर मधला अख्खा तुकडा रस्त्यासकट चार मनोऱ्यांच्या मधून सरळ वर जातो. दोन्ही बाजूंना गाड्या थांबलेल्या, सायकलवाले पाय टेकून उभे. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कारण पूल कधी बंद राहणार याचं वेळापत्रक आधीच जाहीर झालेलं असतं. थोड्या वेळानं आम्ही प्लास द ला बूर्स या शहरातल्या चौकासमोर बांधलेले होतो. जिना उतरलं की ट्राम. रात्री जेवून बाहेर पडायचं, तिथल्या पाण्याचा पातळ थर भरलेल्या काळ्या दगडी चौकात दिव्यांची प्रतिबिंबं बघायची आणि चालत खोलीवर यायचं. फार मोठी जहाजं मात्र खाली मुखाशी ल व्हेर्दोंला थांबतात आणि तिथून बोर्दोपर्यंत बसनं हेलपाटा घालावा लागतो. मधल्या आकाराची जहाजं शहरापर्यंत येतात, त्यामुळे बुकिंग करताना नुसतं ‘बोर्दो’ वाचून खूश होऊ नका, धक्का कुठला ते विचारा.

सँ-मालोचंही तसंच. तिथे भरती-ओहोटीतला फरक मोठ्या उधाणाला बारा मीटरच्या वर जातो. मुंबईत साडेचार मीटरची भरती म्हटली की पालिका इशारे देते, त्यावरून कल्पना करा. जहाज जलपाशातून (दोन दारांच्या पाण्याच्या कप्प्यातून) आतल्या गोदीत घेतात, म्हणून बाहेर पाणी कितीही उतरलं तरी आपण तटबंदीच्या पायथ्याशी तरंगत असतो. गाव 1944 च्या ऑगस्टमध्ये जवळजवळ जमीनदोस्त झालं होतं आणि नंतर जुन्या रूपात पुन्हा बांधलं, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. ओहोटीला ग्राँ बे बेटावर चालत जाता येतं, फक्त परतीची वेळ सांभाळायची, नाहीतर पुढची ओहोटी होईपर्यंत तिथेच मुक्काम. नवरा विजेच्या खात्यातला, त्यामुळे आमची एक दुपार रांस नदीवरचं भरतीवर चालणारं वीजकेंद्र बघण्यात गेली. 1966 चं, 240 मेगावॉटचं. वरून पाहिलं तर साधा धरणावरचा रस्ता. नवऱ्याला मात्र मों-सँ-मिशेल या बेटावरच्या प्रसिद्ध मठापेक्षा तेच आवडलं.

लिस्बनमधून निघतानाचा एक आवाज आठवतो. जहाज ‘25 एप्रिल’ पुलाखालून जातं तेव्हा वर गाड्यांच्या चाकांची सतत घुंई ऐकू येते, कारण पुलाच्या रस्त्याचा काही भाग लोखंडी जाळीचा आहे. त्याआधी जेरोनिमोसच्या मठात वास्को द गामाची कबर पाहिली होती. सासूबाईंचं सासर वसईचं, किल्ला रोजच्या बघण्यातला. त्यांनी कबरीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, “चिमाजीआप्पांचं नाव इथे कुणाला विचारू नकोस हो.”

आता बिस्केचा उपसागर. इथे छोट्या जहाजाची किंमत वसूल होते, तीही तुमच्याकडून. अटलांटिकच्या लांब लाटा इथे थेट येतात आणि सप्टेंबर सरत आला की हवा बिघडायला लागते. जहाजाच्या पोटाशी पंखासारखे स्थिरक असतात, ते डुलणं कमी करतात, पण जहाज चालू असताना. नांगर टाकून उभं असलं की त्यांचा फारसा उपयोग नाही. बिल्बाओ सोडल्यावर त्या रात्री नवऱ्याला अशी बोट लागली की त्यानं जहाजावरच्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेतलं. बिल युरोत. भारतात आल्यावर दावा केला तर उत्तर आलं की रक्कम पॉलिसीतल्या डिडक्टिबलपेक्षा (म्हणजे आपणच सोसायच्या ठरावीक रकमेपेक्षा) कमी आहे, त्यामुळे काही मिळणार नाही. सगळा पत्रव्यवहार त्या एका इंजेक्शनासाठी. गोळ्या घरूनच डॉक्टरांना विचारून न्या आणि त्रास सुरू व्हायच्या आधी घ्या. सासूबाईंनी त्या रात्री रिकाम्या डायनिंग हॉलमध्ये शांतपणे सूप, पाव आणि दोनदा गोड घेतलं.

बेल-इल झालंच नाही. तिथे जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहणार आणि लहान लाँचनं किनाऱ्यावर नेणार होतं. लाटांमुळे कप्तानानं सकाळी रद्द केलं. त्याचा निर्णय बरोबरच होता, तक्रार कंपनीबद्दल आहे. परत मिळालं काय, तर बंदर शुल्काचे किरकोळ पैसे. मार्ग बदलायचा हक्क कंपनीकडे राहतो हे करारात बारीक अक्षरात असतंच, पण विकताना माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर त्याच बेटाचा फोटो होता. मार्गाच्या यादीत ज्या बंदराच्या नावापुढे ‘नांगर’ असं लिहिलंय ते मिळालं तर मिळालं, असं धरून चाला. लाँचचा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आमच्या विजयदुर्गाला कोकण बोट बाहेर उभी राहायची आणि आम्ही पडावात उड्या मारायचो. त्याचे कुणी एवढे पैसे नाही घेतले.”

शाकाहाराचं आधी लेखी कळवा आणि चढल्यावर तोंडीही सांगा. फ्रेंच स्वयंपाकात सुपाचं आणि सॉसचं पाणीच पुष्कळदा मुळात मांसाचं किंवा मासळीचं असतं, ताटात तुकडा दिसला नाही म्हणून ते शाकाहारी होत नाही. सांगितल्यावर त्यांनी मनापासून केलं, पण रिझोत्तो इतक्या वेळा आला की नंतर मेतकुटाचा डबाच टेबलावर नेला. वाढपी मुलीनं विचारून चिमूटभर चाखलं आणि बटाट्यावर बरं लागेल असं सुचवलं. लागतंही. पाव, लोणी, चीज, फळं यांना मात्र तोड नाही.

ज्यांना संध्याकाळी नाचगाणी, कॅसिनो, मुलांसाठी घसरगुंड्या हव्यात त्यांनी या वाटेला जाऊ नये. पोहायला एक छोटा तलाव, एक बार आणि संध्याकाळी व्याख्यान, तेही आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी. वायफाय कामापुरतं. सहली महाग. आ कोरुन्याहून सांतियागोला जहाजाच्या बसनं गेलो, तिथे आपण आपलं ट्रेननंही जाता येतं. बिल्बाओत जहाज गेचोला लागतं, तिथून मेट्रोनं गुगेनहाइम संग्रहालय. जाताना वाटेत 1893 चा व्हिस्काया पूल बघा, लोखंडी सांगाड्याला टांगलेल्या पाळण्यातून गाड्या आणि माणसं नदी ओलांडतात.

व्हिसा. पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स तिन्ही शेंगेनमध्ये, म्हणून एकाच व्हिसावर भागलं. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. आमचा फ्रान्सकडे गेला. असेच काही मार्ग मधे गर्न्सीला, म्हणजे फ्रान्सजवळच्या ब्रिटिश अखत्यारीतल्या बेटाला, थांबतात. भारतीय पासपोर्टवर ते शेंगेनच्या बाहेर पडणं आहे, तिथून परत फ्रान्समध्ये शिरायला बहुप्रवेश व्हिसा लागतो आणि गर्न्सीचा वेगळा विचार करावा लागतो. एजंटनं हे आपणहून सांगितलं नव्हतं, बंदरांची यादी बघून आम्हीच विचारलं.

पुन्हा जाऊ का? याच मार्गाला, मे-जूनमध्ये, हो. नवरा म्हणतो, बोर्दोत चढेन आणि बिस्के तुम्ही दोघी करा.

केबिन निवडताना खालच्या मजल्याची आणि मधल्या भागातली घ्या, डुलणं कमी जाणवतं, भाडंही कमी. आणि बाल्कनी घेणार असाल तर लिस्बनहून उत्तरेकडे जाताना उजव्या बाजूची घ्या. पोर्तुगाल, स्पेनचा उत्तर किनारा, मग फ्रान्स, सगळी जमीन त्याच बाजूला येते. ओनफ्लरहून लिस्बनकडे निघालात तर डावीची.