तासातासाची नोंद की मोकळीक?

सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच टीम लीड झालेली मैत्रीण पेचात आहे: दर तासाला अपडेट मागावं, की काम ठरवून देऊन वेळ ज्याच्या त्याच्यावर सोडावी?

आधी मनोबल, कारण खरं नुकसान तिथं होतं. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ स्वायत्ततेला माणसाची मूलभूत मानसिक गरज मानतात. ओळन् ओळ तपासली जाऊ लागली की अनुभवी प्रोग्रामरही निर्णय घेणं सोडतो, सांगितलं तेवढंच करतो. आणि दिलेली मोकळीक काढून घेणं फार लागतं. माझ्या मते मुळात न देण्यापेक्षाही जास्त.

वेग? कोडिंगला सलग एकाग्रता लागते, मेसेज आला की तंद्री मोडते. स्क्रम या टीमनं काम करायच्या पद्धतीतली रोजची बैठकसुद्धा 15 मिनिटांचीच, तीही डेव्हलपरांनी आपसांत आखणी करण्यासाठी. हजेरी देण्यासाठी नाही.

मेहनत मात्र मोकळीकीतही आहे. 'काम पूर्ण' म्हणजे काय, हे आधी नेमकं लिहावं लागतं.

नवशिक्यांना, किंवा सर्व्हर बंद पडला असताना, जवळची देखरेख हवी. पण ती कधीपर्यंत, हे आधी सांगून. कामात मुरलेल्या टीमला मोकळं सोडावं, निकाल तेवढा पाहावा. मैत्रिणीची टीम दुसऱ्या प्रकारची आहे.