चामखीळ काढायचं रबरी कड्यांचं किट: हत्यार चांगलं, बाटली फेकून द्या

मी घड्याळं दुरुस्त करतो. चिमटा, भिंग आणि डोळ्याला जेमतेम दिसणारे स्क्रू यांच्यातच दिवस जातो. त्यामुळे चामखीळ घरी काढायचं हे किट हातात आलं तेव्हा औषधापेक्षा हत्यार म्हणूनच त्याच्याकडे पाहिलं गेलं. हत्यार म्हणून ते डोकं लावून बनवलंय, हे आधीच सांगतो.

डब्यात प्लास्टिकची बारीक नळी, तिच्या तोंडावर बसणारा शंकू, ढकलायला एक तुकडा, इवल्याशा रबरी कड्या, स्पिरिटच्या पुसण्या आणि एक हिरवी बाटली. बाटलीकडे नंतर येतो. शंकू नळीवर बसवायचा, कडी त्याच्या टोकावरून खाली सरकवत नळीच्या तोंडावर ताणून बसवायची आणि शंकू काढून टाकायचा. मग नळीचं तोंड चामखिळीवर असं ठेवायचं की ती पूर्ण आत जाईल, आणि कडी ढकलायची. ती सुटते आणि देठाला आवळून बसते.

पुढचं काम कडीच करते. चामखीळ म्हणजे मऊ कातडीचा लोंबता दाणा. आत कोलॅजेनचे, म्हणजे कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या. देठ आवळला की रक्तपुरवठा तुटतो. दाणा आधी लालसर होतो, मग जांभळट, मग काळा पडून सुकतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत गळतो. बसवताना चिमटा काढल्यासारखं होतं, त्या रात्री थोडं ठणकतं. माझ्या मानेच्या बाजूची, कॉलरला सतत घासणारी चामखीळ अशीच गेली. खाली गुलाबी ठिपका राहिला, तोही फिका पडला.

यश कशावर अवलंबून आहे, ते मात्र डब्यावर नीट लिहिलेलं नाही. कडी अगदी बुडाशी बसली पाहिजे. मध्येच बसली तर वरचा भाग गळतो आणि खुंट राहतो. म्हणून आधी चामखीळ चिमट्याने अलगद उचलून देठ किती निमुळता आहे ते बघा. देठ नसेल, दाणा कातडीला पसरट चिकटलेला असेल, तर कडी धरणारच नाही, घसरून बाहेर येईल. नळीचं मापही बघून घ्या: बारीक नळी साधारण 2 ते 4 मिलिमीटरच्या दाण्यासाठी असते, मोठी त्याच्या वरच्यांसाठी. मोठ्या नळीतही न मावणाऱ्या चामखिळी घरी काढायचं हे काम नव्हेच.

दुसरी अडचण हाताची. नळीला एक हात, ढकलायला दुसरा आणि कातडी ताणून धरायला तिसरा लागतो. मानेच्या मागची आमच्या हिने काढली. मी आरशात डोकावायला लागलो की मागून आवाज यायचा, "अहो, हलू नका हो, परत सुटली!" भिंग लावून ती माझ्यापेक्षा सफाईने काम करते, हे मला दुकानात कबूल करायचं नाही. एकट्याने राहत असाल तर काखेतल्या आणि पाठीवरच्या चामखिळींचा नाद सोडा.

आता ती हिरवी बाटली. लेबलवर मोठ्या अक्षरांत 'हर्बल', आणि घटकांच्या बारीक ओळीत सॅलिसिलिक अॅसिड. हे अॅसिड मसावर चालतं, कारण मस विषाणूमुळे होतो आणि त्याच्यावर केराटिनचा, म्हणजे नखात असतं त्या कडक प्रथिनाचा, जाड थर असतो. अॅसिड तो थर विरघळवत जातं. चामखिळीवर असा थरच नसतो, साधी मऊ कातडी असते. मग अॅसिड दाण्याबरोबर आजूबाजूची चांगली कातडीही भाजतं. ॲपल सायडर व्हिनेगरच्या घरगुती उपायाची गतही तीच. मी बाटलीचं बूचही उघडलं नाही.

आणि डब्यावर छापलंय, 'चामखीळ, मस, तीळ, सगळ्यांवर गुणकारी'. मला चीड आली ती इथे. तीळ घरी काढायचा नसतो. वाढणारा, रंग बदलणारा, कडा वेड्यावाकड्या झालेला, रक्त येणारा तीळ मेलानोमा असू शकतो, म्हणजे कातडीचा कर्करोग. वरचा भाग जाळून टाकलात तर डॉक्टरांना तपासायला काय उरणार? औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं तीळ आणि चामखीळ काढायच्या अशा औषधांबद्दल 2022 मध्ये विक्रेत्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली होती. यातलं एकही औषध त्यांनी मान्य केलेलं नाही. ही ओळ छापणाऱ्याला ते माहीत नसेल असं वाटत नाही.

पापणीवर एक बारीक होती, ती मी डॉक्टरांकडूनच काढून घेतली. बधिर केलं, वाकड्या टोकाच्या कात्रीने कापली, रक्ताच्या जागी काहीतरी टेकवलं आणि झालं, एक सेल बदलायला लागतो तेवढाच वेळ. डोळ्याजवळच्या आणि जांघेतल्या चामखिळींना तोच रस्ता. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह असेल तर कडी लावायच्या आधी विचारून घ्या. डॉक्टरांनी मलाही साखर तपासायला सांगितली, कारण एकदम बऱ्याच चामखिळी उगवण्याचं वजनाशी आणि इन्सुलिनच्या गडबडीशी नातं असतं. वय वाढलं की त्या बऱ्याच जणांना येतात, नुसत्या असल्याने काही बिघडत नाही. घासत नसत्या तर मी हातही लावला नसता.

पाचपैकी तीन तारे. बाटली आणि ती छापील ओळ नसती तर चार दिले असते. घ्यायचंच असेल तर कमी कड्यांचं पाकीट घ्या. रबर पडून राहिलं की कडक होतं, मग कडी ताणताना नळीवरच तुटते.