नव्या लेबलखालची जुनी बॅटरी

जीपचं इंजिन बदललंय हे मी बॅटरीच्या दुकानदाराला आपणहून सांगितलं, तिथंच फसलो.

आमची जीप वडिलांच्या काळातली, पेट्रोलवरची. स्ट्रॉबेरीच्या हंगामात भिलारहून वाईला रोजच्या फेऱ्या, पेट्रोल परवडेना. म्हणून 2011 च्या पावसाळ्यात तिच्यात महिंद्राच्या एमएम 540 जीपमधून उतरवलेलं 2112 सीसीचं डिझेल इंजिन बसवलं. आरटीओत हेलपाटे घालून आरसीवर नवा इंजिन नंबर आणि इंधन चढवून घेतलं. ते काम सरळ झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

गाडी ताब्यात देताना मिस्त्री म्हणाला होता, "ही 35 एएचची बॅटरी आता पुरायची नाही. 65-70 ची बघा." एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. पेट्रोल इंजिनात हवा आठ-नऊ पट दाबली जाते, या डिझेलला ती वीस पटीच्या वर दाबावी लागते, तेवढा जोर स्टार्टरला जास्त. त्यात थंड इंजिन आधी तापवणारे चार हीटर प्लग. स्टार्टर फिरण्याआधीच ते चौघं मिळून चाळीस-पन्नास अँपिअर ओढून बसतात.

एवढं डोक्यात घेऊन हायवेच्या कडेच्या एका दुकानात शिरलो आणि सगळी कथा सांगून टाकली. तो म्हणाला, "पाव्हणं, इंजिन बदललेल्या गाडीला कंपनीची मोजकी बॅटरी चालत न्हाई. ही घ्या हेवी ड्यूटी. ह्ये बघा, 80 लिवलंय. 80 एएच." लेबलवर खरंच 80 डी 26 असं काहीतरी होतं. मीटर लावला, 12.8 व्होल्ट. जुनी बॅटरी पाचशेला धरली, वर माझ्याकडून 4,200 घेतले. पक्कं बिल केलं तर व्हॅट लागेल म्हणाला, मी नको म्हणालो. हाताशी आली ती एक चिठ्ठी, 'बॅटरी 1 नग', आणि दुकानाचा शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड. कार्डावर सीरियल नंबरची जागा कोरी. तेव्हा ती कोरी आहे हे माझ्या डोळ्यांना दिसलंच नाही.

दिवाळीपर्यंत गाडी एका चावीत उठायची. डिसेंबरची थंडी पडली तशी कुरकुर सुरू झाली. पहाटे पाच वाजता क्रेट भरलेले, आणि चावी मारली की घुर्र… घुर्र… टक. बायको, मी आणि शेजारचे दोघं असं ढकलून गाडी उतारावर न्यायची. नंतर नंतर रात्री लावतानाच उतार बघून लावायला लागलो. एका सकाळी तीही युक्ती चालली नाही. वाईला पोचेपर्यंत वाशीची गाडी निघून गेलेली, माल तिथंच पडेल भावात द्यावा लागला.

दुकानदाराला फोन केला. "स्टार्टर जड झाला असंल. इंजिन बदललं की असं व्हतंच." मला पटलं! स्टार्टर खोलून रिवाइंडिंग करून घेतलं, 1,800 रुपये. फरक शून्य. अल्टरनेटर तपासला, 14.1 व्होल्ट देत होता, म्हणजे चार्जिंगही नीट. मग मिस्त्रीनं इंजिनाची अर्थिंगची पट्टी बघितली. चॅसीच्या रंगावरच बोल्ट आवळलेला होता, रंगातून वीज नीट जात नाही. तो दोष खरा, आणि त्याच्याच गॅरेजचा. त्यानं कबूल करून रंग खरवडला, पट्टी नव्यानं आवळली. चार दिवस गाडी बरी उठली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

शेवटी त्यानं जे केलं ते मी पहिल्याच दिवशी दुकानात करायला लावायला हवं होतं. मीटर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर धरला आणि मला चावी मारायला सांगितलं. उभ्या गाडीला 12.6 दाखवणारा काटा स्टार्टर लागताच 7.8 वर आला. चांगली बॅटरी साडेनऊ-दहाच्या खाली जात नाही. मग सहाही बुचं काढून पुन्हा चावी मारली. पाच सेल शांत, एकातून काळपट पाण्याचे बुडबुडे. ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरला पाच ठिकाणी बाराशे चाळीसच्या आसपास, त्या एकात अकराशे साठ, म्हणजे तो सेल गेलेला.

"ही नवी न्हाई," तो म्हणाला आणि लेबलाचा कोपरा नखानं उचलला. खाली दुसरं लेबल. झाकणावर जिथं महिना-वर्षाचा पंच असतो, तिथं पॉलिश पेपर मारल्यासारखा गुळगुळीत डाग.

हा धंदा कसा चालतो ते त्याच्याकडूनच कळलं. एक्स्चेंजमध्ये आलेली बॅटरी उपसायची, धुवायची, ताजं ॲसिड भरून रात्रभर हळूहळू चार्ज करायची, वर नवं लेबल. नुसता मीटर लावला तर ती बारा-साडेबारा दाखवणारच. दावणीला उभा असलेला म्हातारा बैलही धट्टाकट्टा दिसतो, तो नांगराला जुंपल्यावर कळतो. (माझी 35 एएचची बॅटरीही आता कुणाच्या तरी मोटारीत 'नवी' म्हणून बसली असेल.)

दुकानात परत गेलो. बॅटरीकडे न बघताच तो म्हणाला, "तुमची गाडी मॉडिफाय हाय. असल्या गाडीला वॉरंटी बसत न्हाई." विकताना ज्या इंजिनाचं नाव घेऊन महाग माल माझ्या गळ्यात मारला, परत घेताना तेच इंजिन पुढं केलं. दुसरं लेबल दाखवलं तर "ही आमची कशावरनं?" कार्डावर नंबर नाही, चिठ्ठीवर नंबर नाही. ग्राहक मंचात जायचं तर कुठल्या कागदावर?

नवी बॅटरी साताऱ्यात घेतली. तिथल्या माणसानं कोड समजावला तेव्हा आणखी एक चपराक बसली: 80 डी 26 मधला 80 हा एएच नव्हेच, तो क्षमतेचा दर्जा, बॅटरी 65-70 एएचचीच असते. 26 म्हणजे लांबी, सेंटिमीटरमध्ये. शेवटी एल की आर यावरून टर्मिनल कुठल्या बाजूला ते कळतं. ते चुकलं तर जीपची केबल पोचत नाही. त्यानं बॅटरीवर भार टाकून तपासणारा लोड टेस्टर लावला, सीरियल नंबर बिलावर आणि कार्डावर दोन्हीकडे लिहिला, महिन्याचा पंच मला वाचायला लावला. व्हॅट मुकाट्यानं भरला. गाडीत बसवल्यावर चावी मारताना व्होल्टेज 10.4.

येताना दोन्ही बॅटऱ्या गाडीत होत्या. वाईत भुसारवाल्याच्या काट्यावर आधी नवी ठेवली: साडेअठरा किलो. मग ती 'हेवी ड्यूटी': तेरा किलो दोनशे. डबा तेवढाच, आत शिसं कमी. भुसारवाला हसून म्हणाला, "डब्यात काय, हवा भरलीय व्हय?"

भंगारवाल्यानं तर वजनही केलं नाही. एका हातानं उचलून पाहिली आणि भाव निम्म्यावर आणला.