ईआरपीच्या नावाखाली 14 लाख 50 हजार गेले: सही करण्याआधी बचतीचा तक्ता तपासा

भोसरीतल्या आमच्या टर्न्ड पार्ट्सच्या (लेथवर कातलेल्या सुट्या भागांच्या) कारखान्याला ईआरपी, म्हणजे साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, विकून एका कंपनीने 14,50,000 रुपये काढले. लायसन्स 25 जणांचं, माणशी 26,000 प्रमाणे 6,50,000. इम्प्लिमेंटेशन, म्हणजे बसवून चालू करणं, 4,80,000. कस्टमायझेशन 1,90,000. पहिल्या वर्षाची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे पैसे, आगाऊ 1,30,000. वर 18 टक्के जीएसटी 2,61,000, पण त्याचं क्रेडिट मिळालं म्हणून तो धरलेला नाही. आज स्टोअर पुन्हा एक्सेलवर आणि हिशेब टॅलीत.

चकचकीत डेमो, मोठ्या ग्राहकांचे लोगो, 'महिनाअखेर सही केली तर सवलत' हे सगळं तुम्हाला माहीत आहे. आमचे पैसे गेले ते त्या कंपनीने दिलेल्या बचतीच्या एका तक्त्यामुळे. त्याबद्दलच लिहायचं आहे.

कारखान्यात सरासरी 1 कोटी 60 लाखांचा माल असतो: धातूचे बार, अर्धवट झालेला माल, तयार माल. तक्ता म्हणत होता: ईआरपीमुळे त्यात 25 टक्के घट, म्हणून 40 लाख 'वार्षिक बचत'. क्लार्क लोकांचा वेळ वाचेल त्याचे 5,40,000. एकूण 45,40,000, आणि खाली जाड अक्षरात: गुंतवणूक चार महिन्यांच्या आत वसूल.

ते 40 लाख बचत नाहीतच! साठा कमी झाला तर अडकलेला पैसा एकदाच मोकळा होतो. दरवर्षी वाचतं ते त्या पैशावरचं व्याज. कॅश क्रेडिट (बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) 11 टक्क्यांचं असेल तर 4,40,000. जागा आणि गंज यांचं थोडंफार वर धरा. म्हणजे चार महिने नव्हे, तीन वर्षांच्या आसपास, तेही साठा खरोखर उतरला तर. क्लार्कचा वेळ वाचल्याने पगार कमी होत नाही. ओव्हरटाइम बंद झाला किंवा नवी भरती टळली तरच ते पैसे धरायचे.

आणि तो 40 लाखांचा आकडा पाचही वर्षांच्या रकान्यांत जसाच्या तसा होता. पाच वर्षांत 2 कोटी. 1 कोटी 60 लाखांच्या मालातून 2 कोटी मोकळे कसे होणार? त्या हिशेबाने चौथ्या वर्षाअखेर स्टोअर रिकामं! त्या एका ओळीपाशी बैठक थांबायला हवी होती. अजूनही ती ओळ आठवली की डोकं फिरतं. पण तक्ता भागीदारांनी पाहिला, सीएने पाहिला, कर्जाच्या प्रस्तावाला जोडला म्हणून बँकेनेही पाहिला. सगळ्यांच्या नजरेतून तो सुटला, कारण तो सुटावा असाच बनवलेला होता. बेरजा बरोबर, टक्केवारी माफक, खोटं होतं ते फक्त त्या ओळीचं नाव, 'वार्षिक बचत'.

खर्चाच्या बाजूला आयटम मास्टर (मालाची मूळ यादी) आणि बीओएम (एका पार्टला कोणता माल किती लागतो ती यादी) साफ करण्याचा एक रुपयाही नव्हता, आणि खरं काम तेच असतं. 48 मिमी लांबीच्या पार्टला बीओएममध्ये 48 मिमी बार टाकला की सिस्टीम समजते 3 मीटरच्या बारमधून 62 नग. प्रत्यक्षात पार्टिंगचे (कापून वेगळा करताना जाणारे) 3 मिमी, फेसिंगचा (टोक सपाट करताना जाणारा) 1 मिमी, म्हणजे नगाला 52. बार पकडणाऱ्या चकमध्ये उरणारा 150 मिमीचा तुकडा वजा केला की निघतात 54. प्रत्येक बारमागे आठ नगांचा फरक. महिन्याभरात सिस्टीममधला साठा आणि रॅकवरचा साठा यांचा संबंध उरत नाही. इम्प्लिमेंटेशनच्या 4,80,000 मध्ये आलेल्या मुलाने एक्सेलच्या याद्या जशाच्या तशा चढवल्या. एकच 32 मिमीचा ईएन8 पोलादाचा बार तीन नावांनी!

मग गो-लाइव्ह, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष कामाला सुरू झाल्याची सही. आगाऊ एएमसी सोडून उरलेल्या 13,20,000 चा शेवटचा 20 टक्के हप्ता, 2,64,000, त्या सहीवर होता. एकही एरर न येता सगळं चाललं, कारण सेटिंगमध्ये निगेटिव्ह स्टॉकला परवानगी देऊन ठेवली होती. साठ्यात नसलेला मालही इश्यू होत होता, म्हणजे कामाला दिल्याची नोंद होत होती, आणि त्यामुळे मालाचे दरही वेडेवाकडे. तपासायला दोन मिनिटं लागतात: साठ्यात 300 किलो असेल तर 500 किलो इश्यू करून बघा. सिस्टीमने अडवलं नाही तर सही करू नका. हप्ता 'गो-लाइव्ह'ला कधीच बांधू नका. सलग दोन महिनाअखेरी प्रत्यक्ष मोजणी आणि सिस्टीम जुळली तरच द्यायचा, असं करारात लिहून घ्या.

लायसन्सचे 6,50,000 तर उघड खोटेपणाचे. 'आमचं स्वतःचं प्रॉडक्ट' म्हणून विकलं ते ईआरपीनेक्स्ट निघालं, लोगो आणि रंग बदललेलं. ते जीपीएल परवान्याखालचं मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता आणि बदलता येणारं सॉफ्टवेअर आहे. सेवेचे पैसे कोणीही घ्यावेत, पण ते वापरायच्या हक्कावर माणशी लायसन्स फी लावता येत नाही, आणि सॉफ्टवेअरची प्रत दिली असेल तर मागितल्यावर सोर्स कोडही (मूळ प्रोग्राम) द्यावा लागतो. ऑर्डरचे नंबर एसएएल-ओआरडी-2024 आणि स्टॉक एन्ट्रीचे एमएटी-एसटीई-2024 असे पडत होते. ही ईआरपीनेक्स्टची मूळ सीरिज, तीसुद्धा बदलली नव्हती. हे कारखानदाराने ओळखावं ही अपेक्षा कोणी करू नये. विकणाऱ्याकडून मात्र लिहून घ्या: मूळ सॉफ्टवेअर कोणतं, परवाना कोणता.

तक्रारीचं काय झालं? पोलीस ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे'. मुक्त सॉफ्टवेअर स्वतःचं म्हणून विकणं दिवाणी कसं, याला उत्तर नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीसाठीच आहे ना? सायबरवाल्यांचं म्हणणं, चेक आणि आरटीजीएसने स्वतःहून दिलेत, ओटीपी कुठे गेला? ग्राहक आयोगात जाऊन उपयोग नाही, 2019 च्या कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा बसत नाही. एमएसएमई समाधान पोर्टल पुरवठादाराच्या थकलेल्या बिलासाठी. लघुउद्योगाने पैसे देऊन फसवणूक झाली तर तिथे रकानाच नाही. लघुउद्योगांनी डिजिटल व्हा म्हणून भाषणं द्यायची, आणि त्यापायी कोणी लुटलं तर या खिडकीवरून त्या खिडकीवर! उरतं व्यावसायिक न्यायालय. दावा 3 लाख किंवा त्याहून मोठा हवा, आणि तातडीचा आदेश मागायचा नसेल तर कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थी. समोरचा तिथे आलाच नाही. त्याच्यावर काही कारवाई होत नाही, फक्त तसा अहवाल मिळतो आणि मग दावा दाखल करता येतो.

एफआयआर घेत नसतील तर तोंडी वाद घालू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली वरिष्ठांना लेखी अर्ज पाठवा, पोच ठेवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे जा. डेमोचं रेकॉर्डिंग, तो तक्ता ज्या ईमेलला जोडून आला तो ईमेल, सगळं जपा. व्हॉट्सॲपवर दिलेली आश्वासनं त्याच दिवशी ईमेलवर मागून घ्या.

सर्व्हर त्यांच्या नावावर असेल तर आजच बदला. आम्ही दुसऱ्या वर्षाची एएमसी नाकारली आणि लॉगिन बंद झालं. चालू महिन्याची जॉबवर्कची चलनं आत अडकली. होस्टिंगचं बिल स्वतःच्या कंपनीच्या नावावर घ्या, ॲडमिनचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा, आणि रोजचा डेटाबेस बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडतो का, ते शेवटचा हप्ता देण्याआधी बघा.