रिकामा स्लॉट समोर दिसत होता, तरी 37,440 रुपये गेले

ऑफिसचा इंटरकॉम वाढवायला आलेला माणूस ‘ही मशीन आता भंगारात काढा’ म्हणाला, तर त्याला चहा विचारण्याआधी मशीनचं झाकण उघडायला लावा. आम्ही लावलं होतं आणि तरीही फसलो, याचाच संताप जास्त आहे.

आमची ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, 3+8 होती: बाहेरच्या तीन लाइन आणि आतली आठ एक्स्टेंशन. कॅबिनेट मात्र 4+16 चं, म्हणजे सोळा एक्स्टेंशनपर्यंत वाढणारं. नवी आठ टेबलं येणार होती, त्यासाठी आठ पोर्टचं एक एक्स्टेंशन कार्ड पुरेसं होतं. मशीन बंद करायची, कार्ड स्लॉटमध्ये बसवायचं, त्याच्या तारांच्या जोड्या क्रोन बॉक्सवर (तारा जोडायच्या डब्यावर) उतरवायच्या, चालू करून नव्या पोर्टना 29 ते 36 नंबर द्यायचे. दीड-दोन तासांचं काम. कार्डाचा भाव नंतर अधिकृत डीलरकडे विचारला: 4,800 अधिक जीएसटी, एकूण 5,664 रुपये.

तो क्षण अजून डोळ्यांसमोरून जात नाही. टेक्निशियनने झाकण काढलं. डाव्या बाजूला आठ पोर्टचं कार्ड, त्याच्या शेजारी रिकामा स्लॉट, आणि खालच्या बोर्डावर धुळीने भरलेला कनेक्टर. ‘हा कशासाठी?’ असं स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, ‘सर, तो पीआरआय कार्डाचा आहे, एक्स्टेंशनचं कार्ड यात बसत नाही.’ पीआरआय म्हणजे एका जोडणीवर 30 वाहिन्या, एकाच वेळी बाहेरचे 30 कॉल. आठ एक्स्टेंशनच्या मशीनला 30 वाहिन्या कोण देईल? हे मला त्या दिवशीही माहीत होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण एक तारखेला नवी माणसं रुजू होणार होती, हातात चार दिवस होते, आणि तो इतक्या खात्रीने बोलत होता की मीच चुकत असेन असं वाटलं.

त्याचं कोटेशन असं: 4+16 ‘नवी’ मशीन 16,500, आठ फोन 6,000, दोन जोडीच्या केबलच्या तीन गुंडाळ्या 3,900, क्रोन बॉक्स 1,200, आठ पॉइंट 2,400, फिटिंग आणि प्रोग्रामिंग 3,000. एकूण 33,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 5,940, म्हणजे 38,940. जुनी मशीन ‘बायबॅक’मध्ये 1,500 ला घेतली. हातातून गेले 37,440. तेही एका व्यक्तीच्या यूपीआयवर, कारण ‘फर्मच्या खात्याचं आजचं लिमिट संपलंय’. पक्कं बिल आजतागायत नाही. प्रोफॉर्मावरचा (कच्च्या बिलावरचा) जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून पाहायला अर्धा मिनिट लागतं. मी तो टाकला पैसे गेल्यावर: नोंदणी रद्द. ज्याची नोंदणीच रद्द आहे त्याला जीएसटी घेण्याचा हक्कच नाही. पैसे देण्याआधी एवढं एक तरी कराच.

मशीन जुनी आहे हे कळलं रात्रीच्या ग्रीटिंगमुळे. ऑटो अटेंडंटमध्ये, म्हणजे आलेला फोन आपोआप उचलून संदेश ऐकवणाऱ्या सोयीत, दिवसाचा आणि रात्रीचा संदेश वेगळा साठवतात. याने दिवसाचा आमचा भरला, रात्रीच्याला हात लावला नाही. साडेसातनंतर फोन करणाऱ्या आमच्या ग्राहकांना नऊ दिवस कुठल्याशा लॉजचं ‘आपले स्वागत आहे, रूम बुकिंगसाठी एक दाबा’ ऐकू येत होतं. एका जुन्या ग्राहकाने सांगितलं तेव्हा मान खाली गेली. मग मशीन भिंतीवरून उतरवली. मागे सिरियल नंबरच्या स्टिकरखाली दुसरं स्टिकर, आणि स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या. नवी मशीन घेताना खोका तुमच्यासमोर फुटला पाहिजे, आणि खोक्यावरचा, मशीनवरचा व बिलावरचा सिरियल नंबर एकच हवा.

केबलचं पाहा. वरून तांब्यासारखी दिसणारी तार ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघाली: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, बाजारात जिला सीसीए म्हणतात. (टिन केलेलं अस्सल तांबं याच्या उलट असतं, वरून चंदेरी, आतून लाल. घाबरून चांगली केबल परत करू नका.) ऑफिसातल्या 40 मीटरमध्ये तिच्या जास्तीच्या रोधाने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते सांध्यावर. क्रोनमध्ये पंच करताना, म्हणजे दाबून बसवताना, ही तार चिरते, आज फोन चालतो, पावसाळ्यात सांधा गंजतो आणि लाइन खरखरते. आमची दोन एक्स्टेंशन तिसऱ्या आठवड्यातच मेली. पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, तशीच गुंडाळी 620 रुपयांना मिळत होती, आमच्याकडून घेतले 1,300. शिवाय चार पॉइंटची केबल त्याने 230 व्होल्टच्या वायरिंगच्याच केसिंगमधून ओढली, म्हणून त्या फोनवर सतत घूंऽऽ असा आवाज. टेलिफोनची पट्टी वेगळीच हवी.

कॉल ट्रान्सफर करताना कट व्हायचा. त्याचं उत्तर: ‘कार्ड वीक आहे, 4,500 लागतील.’ खरं कारण फ्लॅशच्या, म्हणजे कॉल वळवण्याआधी दाबतात त्या बटणाच्या, वेळेत होतं. फोनचं बटण 600 मिलिसेकंदांचं आणि मशीनमध्ये त्याहून कमी वेळ भरलेली. त्यामुळे मशीनला वाटतं रिसीव्हर ठेवला. सेटिंग बदलायला एक मिनिट लागतं, पण प्रोग्रामिंगचा पासवर्ड त्याच्याकडे. कोड दाबताना तो पाठ फिरवून उभा होता, तेही मी पाहिलं होतं. दोन व्हिजिटचे 2,400 घेतले, पासवर्ड दिला नाही. शेवटचा हप्ता पासवर्ड कागदावर मिळाल्यावर आणि तो तुम्ही स्वतः वापरून पाहिल्यावरच द्या.

आणि तक्रार? चौकीत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘हा व्यवहारातला वाद आहे, कोर्टात जा.’ दुसऱ्याचं स्टिकर झाकून जुनी वस्तू नवी म्हणून विकणं हा वाद कसा? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीसाठीच आहे ना? यूपीआयचा उल्लेख निघताच सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले माणूस समोर येऊन पैसे घेऊन गेला, हे ऑनलाइन नाही, चौकीतच जा. परत चौकी. साहेब बंदोबस्तावर. ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न, खरेदी व्यवसायासाठी का? हो म्हटल्यावर सांगितलं की व्यावसायिक कारणासाठी घेणारा ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, ते मात्र कुणी आपणहून सांगत नाही. जीएसटीच्या कार्यालयात टॅक्स इन्व्हॉइस मागितलं. अहो, इन्व्हॉइस दिलं नाही हीच तर तक्रार! सहा फेऱ्या झाल्या, हातात पोच म्हणून एक शिक्का. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे वरिष्ठांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवली आहे. तुम्हीही तोंडी ऐकून परत फिरू नका, पहिल्याच दिवशी लेखी द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या.

आमची जुनी मशीन तो घेऊन गेलाय, आणि ती कुणाला तरी ‘नवी’ म्हणून विकली जाणार. झाकणाच्या आतल्या बाजूला निळ्या मार्करने 21 ते 28 ची यादी आहे, 24 समोर ‘गोडाऊन’ खोडून ‘अकाउंट्स’ लिहिलंय. अशी मशीन तुमच्या भिंतीवर लागत असेल तर पैसे थांबवा, आणि आतला तो रिकामा स्लॉट एक्स्टेंशन कार्डाचाच आहे.