रूफ टेंट घेऊन नाशिक ते मुक्तिनाथ: तंबू उत्तम, कव्हरची चेन भिकार

आधी निकाल सांगते. गाडीच्या टपावर बसणारा हा तंबू चांगला आहे. कापड चांगलं, गादी चांगली, शिडी मजबूत. पण घडी घातलेल्या तंबूवर जे काळं पीव्हीसीचं कव्हर चढवतात, त्याची चेन इतकी हलकी आहे की पंच्याऐंशी हजारांच्या वस्तूला ती लावायला कंपनी धजावली कशी, हेच मला कळत नाही. शाळेच्या दप्तराला यापेक्षा बरी चेन असते.

मॉडेल दोन माणसांचं, सॉफ्ट शेल (म्हणजे कापडी कव्हरचं), अर्धी फळी टपावर आणि अर्धी शिडीच्या आधारावर उघडणारं. बाकी आकडे सगळीकडे मिळतात, ते इथे देत नाही. एकच गोष्ट सांगते, कारण प्रत्येक जण तीच विचारतो: टप वाकत नाही का? गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपावरच्या वजनाची जी मर्यादा असते ती चालत्या गाडीची. खड्डे, ब्रेक, वळणं धरून काढलेली. उभ्या गाडीचा टप त्याच्या कितीतरी पट भार पेलतो. म्हणून तंबू अधिक आडवे बार यांचं वजन त्या मर्यादेत बसतंय ना, एवढंच बघायचं. आत दोन माणसं झोपली म्हणून टपाला काही होत नाही.

दिवाळी आटोपून नेपाळमधल्या मुक्तिनाथला निघालो. सिन्नरजवळ गोंद्याला समृद्धीवर चढलो ते थेट नागपूर. समृद्धीवर १२० ची परवानगी असली तरी डोक्यावर हे ओझं घेऊन आम्ही शंभरच्या वर गेलो नाही. शंभरला वारा शिट्टी घालतो आणि डिझेल पितं. एरवी पंधराचं ॲव्हरेज देणारी गाडी साडेबारावर आली. नव्वदवर ठेवली तर साडेतेरा. जाऊन-येऊन एवढ्या लांबच्या प्रवासात हा फरक काही हजारांचा होतो, तो तंबूच्या किमतीत धरा. दुसरं म्हणजे उंची. नागपुरात हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी गाडी थांबवून नवऱ्याला खाली उतरून टेप लावावा लागला. उत्तर प्रदेशात लहान रस्त्यांवर जड वाहनं अडवायला लोखंडी कमानी असतात, तिथेही तेच. गाडीची तंबूसकट उंची एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.

नागपूर, सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर या टप्प्यात तंबू एकदाही उघडला नाही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर थांबायचा प्रश्नच नाही, आणि पुढे गर्दी इतकी की शिडी लावली की दहा माणसं बघायला जमतात. सरळ लॉजवर राहिलो. तेव्हा "तंबू आहे, आता हॉटेलचा खर्च वाचला" असा हिशोब मांडून कोणी हा घेऊ नये.

सरहद्दीची तयारी मात्र नीट करून गेलो होतो आणि ती उपयोगी पडली. नेपाळला भारतीय गाडी न्यायला कार्ने, म्हणजे गाडी परत नेण्याची हमी देणारा कस्टम्सचा दस्त, लागत नाही, इराण-युरोपच्या बाजूला जाणाऱ्यांना लागतो तसा. लागतो तो भन्सार, म्हणजे नेपाळच्या कस्टम्सचा दिवसांप्रमाणे पैसे भरून घ्यायचा परवाना. सुनौली ओलांडली की पलीकडे बेलहियाला तो मिळतो. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी सगळं मूळ प्रतीत न्या, झेरॉक्सही न्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र घ्या. दिवस मोजताना एक-दोन जास्तीचे धरा. डोंगरात रस्ता बंद झाला तर मुदत संपलेला परवाना घेऊन परत सरहद्दीवर यायला लागू नये.

याहून महत्त्वाचा विमा. आपली नेहमीची गाडीची पॉलिसी भारतापुरतीच असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव, पाकिस्तान यांच्यासाठी भौगोलिक क्षेत्र वाढवून घेण्याची सोय पॉलिसीत आहे, फक्त ती मागून घ्यावी लागते आणि तशी नोंद करून घ्यावी लागते. आमच्या एजंटने आधी "कशाला लागतंय, कोणी विचारत नाही" म्हणून उडवून लावलं. कोणी विचारत नाही हे खरं. पण पोखऱ्याच्या वाटेवरच्या तानसेनच्या घाटात समोरून ट्रक घासून गेला तर विचारायला आपणच जाणार ना? मी कागद हातात येईपर्यंत त्याचा पिच्छा सोडला नाही. टपावर पंच्याऐंशी हजार ठेवून विम्याशिवाय देश ओलांडणं मला पटत नाही.

फास्टॅग अर्थातच तिकडे चालत नाही. पोखऱ्यात बऱ्याच दुकानांत फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चाललं. २०२४ पासून ही सोय आहे. हे नेपाळचं फोनपे, आपलं नव्हे. जोमसोमच्या वर मात्र रोखच लागली. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, हा दर पक्का आहे, त्यामुळे हिशोब सोपा. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना पोखऱ्यातच काढून घेतला. सार्क देशांच्या नागरिकांना तो एक हजार नेपाळी रुपयांना पडतो.

आता तंबू. पोखऱ्यात फेवा तलावाच्या बाजूला एका अंगणात या प्रवासात पहिल्यांदा उघडला आणि सकाळी आतलं छत ओलं. हात लावला की थेंब. नाशकात असताना पवना धरणाला नेला होता तेव्हाही हेच झालं होतं, आणि माझ्या मनात तेव्हापासून या कापडाबद्दल अढी होती. दोन माणसांच्या श्वासातलं पाणी थंड कापडावर जमतं, हे समजतं, पण अंथरूण ओलं झालं की समजून उपयोग नसतो. गादीखाली जाळीची चटई घातली, दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या, तरी गादीचे कोपरे दमट.

हे मत मला बदलावं लागलं. बेनीहून वर काली गंडकीच्या कडेने घासा ओलांडलं की हवाच पालटते. अन्नपूर्णा आणि धौलागिरी पाऊस अडवतात, त्यांच्या मागे मुस्तांग कोरडं. मार्फ्यात रात्री इतकी थंडी की बाटलीतलं पाणी तोंडाला लावता येईना, पण छत ठणठणीत कोरडं. कापड तेच, माणसं तीच. म्हणजे दोष तंबूचा नव्हता, तलावाकाठच्या हवेचा होता. पाण्याशेजारी झोपायचं असेल तर काठापासून लांब, थोडं उंचावर गाडी लावा. घरी आल्यावर गंगापूर धरणावर ते करून बघितलं, फरक पडतो.

मुस्तांगमध्ये खरा प्रश्न वाऱ्याचा. सकाळी अकराच्या सुमाराला काली गंडकीच्या खोऱ्यातून वारा वर चढायला लागतो. वरचं पठार उन्हाने तापतं आणि खालची हवा त्या अरुंद दरीतून ओढली जाते. दुपारी जोमसोमला उभं राहवत नाही, नदीच्या पात्रातली वाळू डोळ्यांत, दातांत. मार्फ्याची घरं एकमेकांना चिकटून, गल्ल्या अरुंद, ते या वाऱ्यासाठीच. तंबू उघडायचा तो संध्याकाळी वारा पडल्यावर, आणि मिटायचा तो सकाळी दहाच्या आत. गाडीचं तोंड दरीच्या खालच्या अंगाला ठेवायचं. एवढं पाळलं तर तंबूच्या काठ्या काही मोडत नाहीत. फ्लायचं, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या आवरणाचं, कापड रात्री थोडं फडफडतं, कानात बोळे घाला.

लॉजवाल्यांबद्दल सांगायलाच हवं. कागबेनीला अंगणात तंबू लावू का विचारलं तर मालकीणबाई म्हणाल्या, "दिदी, जेवण आमच्याकडे करा, गाडी कुठेही लावा." संडास-बाथरूम वापरायला दिलं, गरम पाणी दिलं. डाळ-भात, वर दुसऱ्यांदा वाढलेला भात, आणि सकाळी फापऱ्याची, म्हणजे कुट्टूची, भाकरी. खोलीचं भाडं इतकं कमी होतं की तंबूने पैसे वाचवले असं मी अजिबात म्हणणार नाही. पण पहाटे खिडकीची चेन उघडून पडल्या पडल्या निलगिरीवर ऊन आलेलं दिसतं, ते त्या खोलीतून दिसत नव्हतं. त्यासाठी मी पुन्हा तंबूतच झोपेन.

आतल्या खिडक्यांच्या चेना उत्तम आहेत, तेही सांगते. म्हणजे कंपनीला चांगली चेन माहीत आहे.

कव्हरचं असं झालं. ३७१० मीटरवर मुक्तिनाथ. राणीपौव्याला गाडी लावून वर चालत गेलो, दर्शन झालं, एकशे आठ धारांखालून नवरा गेला, मी हात-पाय भिजवले. मुक्कामाला परत कागबेनी. सकाळी तंबू मिटायला घेतला तर थंडीने पीव्हीसी पत्र्यासारखं ताठ झालेलं. ते कव्हर आधीच बेताच्या मापाचं शिवलंय. उन्हाळ्यात नाशकात ते ताणून बसतं, थंडीत बसतच नाही. नवरा वरून गुडघ्याने तंबू दाबतोय आणि मी बोनेटच्या बाजूच्या कोपऱ्यावर रनर, म्हणजे चेनचा सरकता भाग, ओढतेय. रनर वळला, पुढे गेला, आणि मागे बघते तर चेन उघडीच. दाते एकात एक बसलेच नाहीत. परत मागे आणला, परत ओढला, परत तेच.

जवळून बघितलं तेव्हा कळलं. पाच नंबरची नायलॉनची चेन आहे. नंबर म्हणजे बंद चेनच्या दातांची रुंदी, साधारण मिलिमीटरमध्ये. पाच नंबर बॅगेला, जाकिटाला ठीक. ताणलेल्या जाड पीव्हीसीला दहा नंबर लागते, तीही जाड प्लास्टिकच्या सुट्या दातांची, कारण नायलॉनच्या वेटोळ्यात काली गंडकीची बारीक वाळू जाऊन बसते आणि रनरला आतून कानसते. रनरचा जबडा फाकला की तो नुसता धावतो, दाते जुळवत नाही. नवऱ्याने पकडीने रनर दोन्ही बाजूंनी हलका दाबला, मी देवाला आणलेली मेणबत्ती दातांवर घासली. तेल लावू नका, वाळू आणखी चिकटते. त्या युक्तीने जोमसोमपर्यंत चेन टिकली. तुकुच्याच्या आसपास कोपरा परत उघडला आणि कव्हर वाऱ्यात थाडथाड आपटायला लागलं. पोखऱ्यात ताडपत्री आणि सामान बांधायचे पट्टे घेतले, तंबू गुंडाळून बांधला, आणि तसेच नाशिकला आलो. आवाज संपूर्ण रस्ताभर.

मग विक्रेता. आधी "फोटो पाठवा". पाठवले. मग "व्हिडिओ पाठवा". पाठवला. मग तक्रार क्रमांक आला आणि शांतता. मीच फोन केला तर एक मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, चेन वेअर अँड टेअरमध्ये येते, वॉरंटीत नाही. नवीन कव्हर साडेनऊ हजारांना मिळेल." साडेनऊ हजार! एका चेनसाठी! मी विचारलं, नव्या कव्हरला कितीची चेन आहे? "बघून सांगतो." सांगितलं नाही. तंबूच्या वॉरंटी कार्डावर "कापड, शिवण आणि फिटिंग" असं लिहिलंय. चेन फिटिंग नाही तर काय आहे?

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आता पुढचं.

नाशकात भद्रकालीत बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे कव्हर नेलं. त्यांनी चेनवर नख फिरवलं आणि मलाच विचारलं, "ही कोणी लावली, ताई?" त्यांनी वायकेके कंपनीची दहा नंबरची, जाड दातांची चेन बसवली, दोन रनर, म्हणजे दोन्ही बाजूंनी बंद करता येईल. कोपऱ्यांना आतून दोन-दोन बोटं जास्तीचं रेक्झिन जोडलं, त्यामुळे ताण गेला. वरून पाणी जाऊ नये म्हणून चेनवर झाकणपट्टी. सगळे मिळून अकराशे रुपये. त्यानंतर पावसाळ्यात भंडारदऱ्याला, घोटीच्या बाजूला तंबू नेऊन झाला. झाकणपट्टीखाली थेंब गेला नाही आणि कव्हर आता मी एकटी लावते. कंपनीला हे कारखान्यात, घाऊक भावात, किती स्वस्तात करता आलं असतं, याचा विचार केला की माझा राग परत वर येतो.

त्यामुळे तंबूबद्दलचं माझं मत आधीपेक्षा चांगलं झालंय आणि कंपनीबद्दलचं आणखी खाली गेलंय. घ्यायचा असेल तर घ्या, पण दुकानात जाऊन कव्हर स्वतः एकदा पूर्ण लावून बघा आणि पाच नंबरची चेन दिसली तर किमतीतून अकराशे कमी करून मागा.

दरम्यान मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याच विक्रेत्याचा स्वतःहून फोन आला, नवीन कव्हर फुकट देतो म्हणाला. चेन कितीची, हे मी पुन्हा विचारलं. पाचचीच. मी म्हटलं, कव्हर तुमच्याकडेच ठेवा, मला काकांच्या पावतीचे अकराशे द्या. पावती पाठवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत, आले की इथेच लिहीन.